खालून दिलेला उजेड

इंजेक्शनचं औषध ज्या बंद, बारक्या काचेच्या कुपीत येतं, तिला आमच्याकडे ॲम्प्यूल म्हणतात. अशा कुप्यांकडे बघणं हे माझं काम होतं. नुसतं बघणं. तारापूर एमआयडीसीतल्या एका औषध कंपनीत, पहिल्या मजल्यावरच्या अंधाऱ्या खोलीत आम्ही बारा बायका ओळीनं बसायचो. प्रत्येकीसमोर एक काळं खोकं, खोक्यात वर ट्यूबलाइट, आणि मागचा पत्रा अर्धा काळा, अर्धा पांढरा. कुपी मानेशी धरायची, मनगटानं तिला एक गिरकी द्यायची, आधी काळ्यापुढे बघायची, मग पांढऱ्यापुढे. पांढऱ्यावर केस, धागा, जळका कण दिसतो. काळ्यावर काचेची कणी चमकते. काही तरंगताना दिसलं की कुपी लाल ट्रेमध्ये. नाही दिसलं की पुढे. पुढे ती कुठल्या दवाखान्यात, कुणाच्या दंडात रिकामी होते, ते आम्हाला कधी कळलं नाही.

मी नवापूरची. घरी बापाची होडी, आई बोंबील सुकवून बोईसरच्या बाजारात घेऊन बसायची. बारावी सायन्स झाल्यावर पुढं शिकायचं राहून गेलं आणि मी या कामाला लागले. पहिल्या दिवशी मला ज्या खोक्यावर बसवलं, त्याच्या उजवीकडच्या खोक्यावर ताई बसायची. मी तिला ताई म्हणायला लागले ते बाकीच्या म्हणत होत्या म्हणून. ती माझ्यापेक्षा पंधरा-सोळा वर्षांनी मोठी. विक्रमगडच्या पुढं जव्हारच्या वाटेला एक पाडा आहे, तिथली. पावसाळ्यात शेतावर नवरा आणि मुलगा असायचे, ही बोईसरला खोली घेऊन राहायची. शाळा तिची चौथीपर्यंत. पण बाराजणींत तिच्यासारखी नजर कुणाचीच नव्हती. सुपरवायझर मुद्दाम खराब कुप्या चांगल्यांत मिसळून आमची परीक्षा घ्यायचे. आमच्याकडून एखादी सुटायची, तिच्याकडून सुटायची नाही.

पहिल्या आठवड्यात मला काहीच दिसेना. बुडबुडा आणि काचेची कणी मला सारखीच वाटायची. मी घाबरून चांगल्या कुप्याही लाल ट्रेमध्ये टाकत होते. तिनं दोन दिवस ते बघितलं. तिसऱ्या दिवशी मास्कच्या आतून हळूच म्हणाली, "बुडबुडा वर जातो बाय. काच खाली येते. बघायची घाई करू नको, ती कुठं जाते ते बघ."

बस्स, एवढंच. पण त्या दिवसापासून मला दिसायला लागलं.

वीस मिनिटं बघितलं की डोळ्यांना पाच मिनिटं विश्रांती द्यायची असा नियम होता. तेवढी मिनिटं आम्ही दोघी मागच्या पॅसेजमध्ये खिडकीशी उभ्या राहायचो. लांबचं बघा म्हणून सांगितलेलं असायचं, तर आम्ही लांबचं बघायचो. कारखान्यांच्या चिमण्या, पाण्याच्या टाक्या, त्यापलीकडे हवा स्वच्छ असली तर पूर्वेच्या डोंगरांची एक पुसट रेघ. तिचं घर त्या बाजूला. माझं घर पाठीमागे, समुद्राकडे, आणि तिकडे खिडकी नव्हती. मी एकदा कुरकुरले, तर म्हणाली, मग तू माझंच बघ, माझं काय कमी होतंय. ती मला डोंगराच्या कुठल्या बाजूला कुठली वाट जाते ते सांगायची. मला त्यातलं काही दिसायचं नाही, पण मी हो हो म्हणायचे. मी तिला सांगायचे की वाऱ्याची दिशा बदलली, आता आठ दिवस मासळी कमी येईल. मग ती विचारायची, तुला इथं बसून कसं कळतं? अशा आमच्या गप्पा. आठ वर्षं, दिवसातून दहा-बारा वेळा, पाच-पाच मिनिटांच्या. आता हिशेब केला तर वाटतं, नवऱ्याशीसुद्धा मी इतकं बोलले नसेन.

ती मला नळाशी नेऊन डोळ्यांवर गार पाणी मारायला लावायची. मी टाळलं तर हाताला धरून न्यायची. जेवणाच्या सुट्टीत आमचे डबे एकत्र व्हायचे. माझ्या डब्यातला सुका जवळा तिला फार आवडायचा, आणि तिची नागलीची भाकरी मला. कुणी नवी बाई आली की विचारायची, तुम्ही बहिणी का? आमच्या चेहऱ्यात काहीही सारखं नव्हतं. मास्क आणि टोपी घातल्यावर डोळे तेवढे दिसतात, म्हणून विचारत असतील.

मग मशीन आलं.

आधीपासून बोललं जात होतं. माल परदेशात पाठवायचा तर माणसांच्या डोळ्यांवर किती भरवसा ठेवायचा, असं वरचे साहेब म्हणायचे. एका सकाळी आमच्या बाजूच्या हॉलची भिंत फोडलेली दिसली आणि क्रेननं एक मोठा पेटारा आत सरकवत होते. ते मशीन कुप्यांकडे कॅमेऱ्यानं बघणार होतं. कुपी एका फिरत्या पेल्यावर उभी राहायची, गरगर फिरायची, एकदम थांबायची. कुपी थांबली तरी आतलं औषध फिरत राहतं. तेवढ्यात कॅमेरा फोटो घेतो. काचेवरचा ओरखडा जागेवर राहतो, आतला कण हलतो, म्हणून दोन्हींतला फरक त्याला कळतो. पहिल्यांदा ते बघितल्यावर ताईनं आपल्या मनगटाकडे बघितलं. ती गिरकी आणि तो थांबा, आम्ही रोज हातानं तेच करत होतो.

मशीन बसवायला दक्षिणेकडचा एक इंजिनिअर आला होता. चाळिशीचा, शांत माणूस. मराठी येत नव्हतं, हिंदी तुटकं बोलायचा. मशीनबरोबर तुलना करायला त्याला बघणारी माणसं हवी होती, म्हणून सुपरवायझरनं मला आणि ताईला त्याच्याकडे दिलं. मशीननं बाजूला काढलेल्या कुप्या आम्ही बघायच्या, मशीननं पास केलेल्याही बघायच्या, आणि काय चुकलं ते सांगायचं. बोलायचं काम माझ्याकडे आलं, कारण मला हिंदी नीट यायचं आणि थोडं इंग्रजी वाचता यायचं. ताईला हिंदी कळायचं, पण साहेबलोकांसमोर तिचं तोंड उघडायचं नाही.

सुरुवातीला सगळंच चुकत होतं. धागा, केस, काळे कण मशीन छान पकडायचं, कारण मागून उजेड असला की ते काळे दिसतात. काच मात्र सुटायची. काच पारदर्शक, मागून उजेड दिला की ती आरपार होते, दिसतच नाही. इंजिनिअरनं खाली पेल्याजवळ एक दिवा बसवून बघितला. तिथं जागा चिंचोळी, आणि दिव्याची धग कुपीला लागायला लागली. औषध कोमट झालं, त्यात बारीक बुडबुडे धरले, आणि मशीननं बुडबुड्यांना कण समजून चांगल्या कुप्यांचा ढीग बाहेर काढला. त्यानं तो दिवा काढून टाकला.

मग त्यानं एका खोक्यातून एक वेगळीच वस्तू काढली. एक पेटी, तिच्यात दिवा आणि पंखा, आणि पेटीतून निघालेली बोटाएवढी जाड, लवचिक दोरी, पुढं तिला पाच-सहा फाटे. वरून धातूचं वेटोळं आवरण. आत केसाहून बारीक काचेच्या हजारो तारा, असं त्यानं सांगितलं. याला फायबर ऑप्टिक म्हणतात. दिवा लांब पेटीत राहतो, त्याची धग तिथंच राहते, या तारांमधून फक्त उजेड येतो. जिथं दिवा मावत नाही तिथं या दोरीची टोकं मावतात. त्यानं पेटी चालू केली. दोरीच्या टोकांतून इतका पांढरा उजेड आला की आम्ही दोघींनी डोळे बारीक केले. त्यानं मला हात पुढं करायला सांगितला. मी बोट एका टोकाला टेकवलं. बोट आतून लाल दिसायला लागलं, पण चटका नाही, ऊबसुद्धा नाही. मी ताईचा हात ओढून पुढं केला. तिनं तळवा उजेडावर धरला, उलटासुलटा करून बघितला आणि मला म्हणाली, "काच शोधायला काचच आणली की यानं." मला हसू आलं. इंजिनिअरनं विचारलं काय म्हणाली, तर मी सांगितलं.

त्या दोरीची टोकं त्यानं कुपीच्या दोन्ही बाजूंना, खांद्याच्या उंचीवर लावली. थोडा फरक पडला. तरी बारीक काच सुटतच होती. चार दिवस तो टोकं एक-एक बोट वर-खाली करत होता. मशीनसोबत उजेडाची मांडणी ठरलेली येते, पण आमच्या कुपीचा आकार वेगळा होता, बूड जाड होतं, म्हणून ते जमत नव्हतं, असं काहीसं तो म्हणत होता. वरून साहेब रोज येऊन विचारून जायचे.

पाचव्या दिवशी विश्रांतीला खिडकीशी उभ्या असताना ताई म्हणाली, "तो उजेड चुकीच्या जागेवर देतो. काच जड. फिरायचं थांबलं की ती पहिल्यांदी बुडाच्या कडेला येते. मी कुपी कशी धरते, बघितलंस ना? बूड ट्यूबकडं करते. उजेड बुडातून आत गेला पायजे. त्याला सांग, खालून दे म्हणावं. पेल्याभोवती."

मी म्हटलं, सांगते.

आम्ही आत गेलो तेव्हा प्लांटचे मोठे साहेब आलेले होते. सुपरवायझर, इंजिनिअर, अजून दोघेतिघे मशीनभोवती उभे होते. साहेब वैतागलेले होते. इंजिनिअर मान खाली घालून स्क्रू फिरवत होता. मी पुढं झाले. ताई माझ्या मागे, दोन हातांवर उभी होती. मी म्हणाले, "सर, मेरे को लगता है, लाइट नीचे से देना चाहिए. कप के चारों तरफ से. ग्लास का पार्टिकल रुकने के बाद नीचे कोने में आता है."

मेरे को लगता है. हे शब्द मी ठरवून बोलले नाही. आठ वर्षांत त्या खोलीत साहेबानं मला कधी काही विचारलं नव्हतं, आणि आता सगळे माझ्याकडे बघत होते. ताईचं म्हणणं आहे, असं म्हणायला दोन शब्द लागले असते. ते माझ्या तोंडात आले नाहीत. इंजिनिअरनं मान वर केली, थोडा विचार केला, आणि लगेच दोरीची टोकं सोडवायला लागला.

दुपारपर्यंत त्यानं ती टोकं पेल्याभोवती गोल लावली, तोंडं वर करून. पुढची कुपी पेल्यावर आली आणि बुडापासून मानेपर्यंत पेटल्यासारखी दिसली, आजूबाजूला सगळा काळोख. ती फिरली, थांबली, आणि स्क्रीनवर खालच्या कडेला एक ठिणगी चमकून गेली. ओल्या टोपलीच्या बुडाशी मांदेलीचं एखादं खवलं राहिलेलं असतं आणि ऊन पडल्यावर चमकतं, तसं. इंजिनिअर माझ्याकडे बघून हसला. साहेबांनी माझं नाव विचारलं, शिक्षण विचारलं. बारावी सायन्स म्हटल्यावर सुपरवायझरला म्हणाले, ऐसे लोग चाहिए मशीन पे.

तेव्हाही सांगता आलं असतं. मी मागे वळून बघितलं. ताई ट्रे उचलत होती. तिनं माझ्याकडे बघितलं नाही, किंवा बघितलं असेल आणि मला कळलं नसेल.

सुटल्यावर आम्ही नेहमीसारख्या गेटपासून नाक्यापर्यंत चालत आलो. तिथून ती बोईसरकडे जायची, मी नवापूरच्या सहासीटरमध्ये बसायचे. त्या दिवशी ती लगेच गेली नाही. माझी गाडी भरेपर्यंत उभी राहिली. मी आईच्या गुडघ्यांबद्दल काहीतरी बोलत राहिले. गाडी सुटली.

महिनाभरानं शेवटची परीक्षा झाली. माणसाला जेवढं दिसतं तेवढं तरी मशीनला दिसलंच पाहिजे, हा नियम. त्यासाठी चांगल्या-वाईट कुप्या मिसळून एक ट्रे केला, प्रत्येक कुपीवर गुप्त नंबर. आधी आमच्यातल्या पाचजणींनी तो पुन्हा पुन्हा तपासायचा, मग मशीननं. माझ्याबरोबर ताईही त्या पाचांत होती. ती नेहमीसारखीच बसली. पाठ ताठ, कोपर टेबलाला टेकवलेलं, मनगटाची तीच गिरकी. मला आधी वाटलं होतं की ती मुद्दाम काही सोडून देईल. मशीन आपल्या जागेवर येतंय हे तिला कळत होतं. तिनं एकही सोडली नाही. एक कुपी अशी होती की आम्ही चौघींनी ती कधी पास केली, कधी बाजूला काढली. तिनं ती दर वेळी बाजूला काढली. मशीननं बहुतेक वेळा पास केली. नंतर ती फोडून सूक्ष्मदर्शकाखाली बघितली, तर आत काचेची एक पापुद्र्यासारखी पातळ कपची होती. इंजिनिअर बराच वेळ त्यात बघत राहिला. पण एकूण आकडे जुळले, आणि एका कुपीनं काही अडत नव्हतं. मशीन पास झालं.

बाराजणींतल्या चौघी राहिल्या. मशीननं शंका घेतलेल्या कुप्या पुन्हा बघायला तिघी, आणि मशीन चालवायला मी. स्क्रीन वाचता यायला हवी म्हणून निदान बारावी लागेल असं ठरलं होतं. त्या तिघींत ताई नव्हती. सुपरवायझर म्हणाला, तिचं वय झालंय, दोन-चार वर्षांत चष्मा लागेलच. तिला खाली पॅकिंगला पाठवलं. दिवसभर उभं राहून खोक्यांना टेप लावायचं काम. मला शिकायला तीन आठवडे त्या मशीनवाल्या कंपनीत पाठवलं, दक्षिणेत, एवढ्या लांब मी पहिल्यांदाच गेले. परत आले तेव्हा पॅकिंगमध्ये ताई नव्हती. काम सोडून गावाला गेली, असं कळलं. खोलीही सोडली होती. पॅकिंगमधल्या एका बाईपाशी माझ्यासाठी निरोप ठेवला होता. निरोप काय, तर डोळे धूत जा म्हणावं.

मशीनला विश्रांती लागत नाही. पण माझी सवय गेली नाही. अधूनमधून मी पॅसेजमध्ये जाऊन उभी राहायचे. डोंगराची रेघ दिसायची. कुठली वाट कुठं जाते ते तिनं इतक्या वेळा सांगितलं होतं, आणि मी एकही नीट ऐकली नव्हती. स्वतःच्या घरात, भरल्या घरात, मला तिची आठवण यायची ती अशी की जेवताना भाकरीचा तुकडा हातात थांबायचा. लग्न झालं, मुलगी झाली. मुलीला बघायला ती आली असती तर काय म्हणाली असती, हे मी मनातल्या मनात कितीदा बोलून बघितलं. तिच्या आवाजात. मला तो आवाज नक्की आठवतोय का, याचीही नंतर भीती वाटायला लागली. तिचा फोन नंबर म्हणून माझ्याकडे होता तो तिच्या पुतण्याचा, आणि तो बंद झाला होता.

चार वर्षं अशी गेली. जावं असं दर सुट्टीला वाटायचं. जाऊन काय सांगायचं, ते ठाऊक होतं, म्हणूनच जात नव्हते.

शेवटी एका माघातल्या रविवारी मुलीला सासूकडे ठेवलं आणि पालघरहून एसटी धरली. मनोर, विक्रमगड, मग पुढच्या एका फाट्यावर उतरून विचारत विचारत चालत गेले. पाडा सापडला, घरही सापडलं. कुडाच्या भिंती, सारवलेलं अंगण, दाराला कुलूप. शेजारची बाई म्हणाली, ती घरची सगळी भिवंडीकडं वीटभट्टीवर गेलीत, शिमग्याला येतील. मी तिला विचारलं, ताईसुद्धा? एवढी नजर असलेली बाई विटा उचलते? शेजारणीला माझा प्रश्न कळला नाही. म्हणाली, सगळीच जातात. मी सोबत आणलेले बोंबील आणि जवळा तिच्याकडे दिला, कागदावर माझा नंबर लिहून दिला, आणि थोडा वेळ त्या अंगणात बसून परत आले.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी फोन आला. कुणाच्या तरी मोबाईलवरून. आवाज ऐकला आणि माझी भीती फुकट होती हे कळलं. ती एवढंच म्हणाली की शेजारणीनं निम्मे बोंबील खाल्ले, आता तू परत आण.

मी त्याच आठवड्यात गेले. ती अंगणात उभी होती. केस पांढरे झाले होते, हात खरबरीत, पण डोळे तेच. तिनं मला वरपासून खालपर्यंत बघितलं, जशी कुपी बघायची तशी, आणि म्हणाली, बारीक झालीस. तिच्या सुनेनं भाकऱ्या केल्या, मी आणलेल्या जवळ्याचं कालवण केलं. जेवताना ती मशीनचं विचारत होती. बघतं का नीट? बंद पडतं का? मी सांगितलं की दोरीतल्या काही तारा आता तुटल्यात, जोरात वाकवली की तुटतात, टोकाला काळे ठिपके दिसतात. तिला ते बघायचं होतं. पण आत मोबाईल नेऊ देत नाहीत, त्यामुळं फोटो नव्हता. मी बोटानं जमिनीवर काढून दाखवलं.

जेवण झाल्यावर सून भांडी घेऊन मागे गेली. आम्ही दोघीच राहिलो. मी म्हटलं, "ताई, ते उजेडाचं तू सांगितलेलंस. मी माझं म्हणून सांगितलं."

ती सुपारी कातरत होती. कातरायची थांबली नाही.

"मी तिथंच उभी होती," ती म्हणाली. "हिंदी कळत नाय का मला?"

मी विचारलं, राग आला होता का.

"तवा नाय आला. एवढ्या सायबांपुढं घाबरली असेल म्हटलं. नाक्यावर बोलशील वाटलं. मी थांबली होती ना, तुझी गाडी भरेपर्यंत. तू आईच्या गुडघ्यांचं बोलत बसली." सुपारीचा तुकडा तिनं माझ्या हातावर ठेवला. "तवा आला राग. दुसऱ्या दिवशी बोलशील वाटलं. मग किती दिस गेले, मी मोजायचं सोडलं."

मला रडू आलं. तिनं मला थांबवलं नाही आणि जवळही घेतलं नाही. मग म्हणाली, "मशीनवर मला बसवलं असतं तरी स्क्रीन वाचता आली नसती, ते काय खोटं नाय. पण सायबाला कळायला पायजे होतं, की हिला दिसतं."

नळ नव्हता. तिनं हंड्यातून तांब्याभर पाणी काढलं आणि म्हणाली, ऊठ, डोळे धू.

परत आल्यावर मी साहेबांकडे गेले. मोठे साहेब बदलून गेले होते, सुपरवायझरही नवा होता. नव्या साहेबांनी ऐकून घेतलं. म्हणाले, चांगलं केलंत सांगितलंत, पण मशीन बसवल्याची ती फाइल केव्हाच बंद झाली, आणि फाइलमध्ये नाव कुणाचंच नसतं. मग मी त्या इंजिनिअरला ई-मेल लिहिला. चार ओळी लिहायला दोन संध्याकाळी गेल्या. त्यानं उत्तर पाठवलं. त्याला आम्ही दोघी आठवत होतो. त्यानं लिहिलं होतं की काचेसाठी खालून उजेड देणं ही काही नवी गोष्ट नाही, या धंद्यात ती सगळ्यांना ठाऊक असते. त्या बुडाच्या आकारामुळं आपण गोंधळलो होतो, अजून आठवड्याभरात तिथंच पोचलो असतो. त्या बाईंना माझा नमस्कार सांगा, असं शेवटी होतं.

मी तो ई-मेल पुन्हा पुन्हा वाचला. म्हणजे मी जे घेतलं होतं ते बाहेरच्या जगात एवढंसं होतं. तिनं मात्र ते कुठल्याही पुस्तकाशिवाय, आपल्या मनगटानं शोधलं होतं. पुढच्या फोनवर मी तिला नमस्कार सांगितला. बाकीचं सांगितलं नाही. ती म्हणाली, "ओळखतो का अजून मला?" आणि तिला बरं वाटलेलं मला आवाजात कळलं. हे लपवलेलं चूक की बरोबर, मला ठरवता येत नाही.

त्यानंतर दोनदा मी तिच्याकडे जाऊन आले. ती एकदाही नवापूरला आलेली नाही. ये म्हटलं की म्हणते, भात झाल्यावर येते. भात होतं आणि ती भट्टीवर जाते, तिथं फोन लागत नाही. आमच्यात काही वाकडं नाही. हसतो, बोलतो, ती माझ्या मुलीलाही 'बाय' अशी हाक मारते. पण पूर्वी पाच मिनिटांत जे बोलून व्हायचं ते आता अख्ख्या दुपारीत होत नाही. मध्येच एक गप्प जागा येते, तिथं दोघी थांबतो, आणि कुणीतरी सुनेला हाक मारतं.

तिच्या खोक्याच्या जागी आता लोखंडी कपाट आहे. मी स्क्रीनसमोर बसते. कुपी येते, फिरते, थांबते, खालून पेटते. यंत्र काचेची कणी पकडतं तेव्हा बारीक शिट्टी वाजते. शिट्टी वाजली की मी अजूनही मान उजवीकडे वळवते, तिलाही दिसली का ते बघायला.